वस्तीला रस्ता आणि एसटी: लोकसंख्येचा नेमका कोणता आकडा धरतात?

बालाघाटकर
बीड जिल्ह्यात मूळ गावापासून अडीच किलोमीटरवर आमची ७८ घरांची वस्ती. डांबरी रस्ता गावापर्यंतच, पुढे गाडीवाट. ओढ्याला पाणी आलं की तीही बंद. मागणी केली की 'जनगणनेत वस्तीचं नावच नाही' असं ऐकवतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेसाठी कोणता आकडा दाखवायचा? आणि एसटी यायला आधी काय लागतं?

मोजणीदार
ते उत्तर अर्धंच खरं आहे. जनगणनेचे आकडे महसुली गावाचे छापतात, वाडी-तांडा त्यातच मिसळलेले असतात. योजना मात्र वस्ती हेच एकक धरते. चौथ्या टप्प्यात (२०२४-२५ ते २०२८-२९) २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागात ५०० लोकसंख्या लागते. पाचव्या अनुसूचीचं (राज्यघटनेनुसार आदिवासी म्हणून जाहीर झालेलं) क्षेत्र किंवा आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेला) जिल्हा-तालुका असेल तर २५०. एकटी ७८ घरं ५०० पर्यंत जाणं अवघड, पण ५०० मीटर त्रिज्येतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. जवळ तांडा आहे का ते आधी बघा.

तुमच्या भागात आकडा कमी का दिसतो, तेही सांगतो. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. त्या पूर्ण काळात बाहेर असलेलं माणूस जिथे असेल तिथे मोजतात. कोयत्यावर गेलेली कुटुंबं कारखान्याच्या गावात मोजली गेली आणि इथे कुलूपबंद घरं राहिली. तो आकडा आता बदलत नाही. पण पुढची मोजणीही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. घरयादीच्या वेळी प्रगणक नजरी नकाशा काढतो, त्यावर वस्तीचं नाव आणि एकूण एक घर आलंच पाहिजे. मुख्यमंत्री ग्रामसडक योजना किंवा जिल्हा परिषदेकडे मागणी करताना मतदार यादी, शिधापत्रिका आणि शाळेचा पट जोडा, मागणीला वजन येतं.

खडी-मुरूम
लोकसंख्या बसली तरी काम अडतं ते जागेवर. तलाठ्याकडे गाव नकाशा बघा. दोन तुटक रेषा असतील तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. ग्रामसडकेची डांबरी पट्टी पावणेचार मीटरची, पण बाजूपट्ट्यांसह साडेसात मीटर म्हणजे जवळपास पंचवीस फूट धरतात. म्हणजे गाडीमार्ग असला तरी दोन्ही बाजूंनी दोन ते चार फूट कमी पडतात. या योजनेत भूसंपादनाला पैसा नाही, म्हणून सर्व गटांच्या खातेदारांची संमतीपत्रं आधीच गोळा करा. एकाने जरी अडवलं तरी काम रखडतं.

वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरला असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करा, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवीन वाट हवी असेल तर ते जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

ओढ्यावरची मोरी त्याच अंदाजपत्रकात मागा. लहान नळ टाकले की पाला-गाळ अडकतो, पाणी भरावावरून जातं आणि काळ्या मातीतला भराव एका पावसात वाहून जातो.

शेवटचा थांबा
एसटीचा अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्यायचा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींची वेळेनुसार यादी. फेरीची गरज याच यादीवरून कळते, म्हणून ती नीट करा. मग आगाराकडून रस्त्याची पाहणी होते. बस वळायला साधारण पंचवीस मीटर व्यासाची मुरूम टाकून दाबलेली जागा ठेवा, फांद्या छाटा, लोंबणाऱ्या वीजतारा वर घ्यायला लावा. रस्ता होईपर्यंत मूळ गावापर्यंतची फेरी शाळेच्या वेळेला जुळवून मागा, ती लवकर मिळू शकते.

बालाघाटकर
शेजारचा तांडा सरळ ४०० मीटरवर आहे, पण ओढ्यामुळे चालत अंतर सातशेच्या पुढे जातं.

मोजणीदार
चालेल. सपाट भागासाठी अट त्रिज्येची आहे, म्हणून सरळ अंतर धरा. चालण्याच्या वाटेचं दीड किलोमीटर अंतर डोंगरी भागासाठी आहे. ठरावात दोन्ही वस्त्यांची नावं एकत्र लिहा.