मदत हवी आहे: पाथ बदलल्यावर गिट आणि नोड गायब

घाईतला
एका टूलचं फोल्डर पाथमध्ये (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) टाकायला कमांड चालवली. ते टूल तर सापडत नाहीच, वर गिट आणि नोड ही कोडिंगची टूल्सही गेली. "इज नॉट रेकग्नाइज्ड" येतं. पायथन मात्र चालतंय! काहीही अनइन्स्टॉल केलेलं नाही. आज रात्री काम द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

सायली_क
सिस्टीम कोणती? कमांड कोणती? पूर्ण ओळ टाका, नुसतं "कमांड चालवली" यावरून काय कळणार?

खटपट्या
रीस्टार्ट करा. पाथ बदलल्यावर रीस्टार्ट लागतोच.

घाईतला
विंडोज ११, सेटएक्स (पाथसारखी सेटिंग कायमची सेव्ह करणारी कमांड). बरं, करतो रीस्टार्ट.

मिणमिणता दिवा
थांबा! रीस्टार्ट नको, उघडं असलेलं काहीही बंद करू नका. सेटएक्सला /एम, म्हणजे यूजरऐवजी सिस्टीमचा पाथ बदलणारा पर्याय, लावलं होतं का? काही वॉर्निंग आली होती?

घाईतला
हो, अ‍ॅडमिन म्हणून. सेटएक्स /एम पाथ "%पाथ%;फोल्डर" असं, म्हणजे आधीचा पाथ आणि पुढे नवं फोल्डर. १०२४ कॅरेक्टर्सचं काहीतरी आलं होतं, पण खाली "सक्सेस" दिसलं म्हणून लक्ष दिलं नाही.

मिणमिणता दिवा
तिथेच घोळ झालाय. सेटएक्स १०२४ कॅरेक्टर्सच्या पुढचं कापून टाकतं आणि उरलेलं सेव्ह करतं. तुमचं नवं फोल्डर शेवटी होतं, ते पहिलं उडालं. गिट आणि नोडच्या नोंदी सिस्टीमच्या पाथमध्ये शेवटाकडे असणार, त्याही गेल्या. पायथन बहुधा फक्त तुमच्या यूजरपुरतं इन्स्टॉल आहे. यूजरचा पाथ वेगळा साठवलेला असतो, त्याला /एम हात लावत नाही.
आता महत्त्वाचं. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे जुना पाथ अजून असतो. कमांड चालवली ती खिडकी उघडी आहे का?

घाईतला
नाही, बंद केली. कोड एडिटर सकाळपासून चालू आहे.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवर या. बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहायची, विषय संपला.

सायली_क
आणि त्या ओळीत जुना पाथ जोडायचा राहिला की एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांडसुद्धा सापडत नाही, मी भोगलंय. त्यांना आज रात्री काम द्यायचंय, सिस्टीम बदलायला सांगू नका.

मिणमिणता दिवा
घाईतला, एडिटरमधल्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) एको %पाथ% द्या, पाथ छापून येईल. जे येईल ते आधी नोटपॅडमध्ये सेव्ह करा.

घाईतला
नुसतं %पाथ% असंच छापून येतंय!!

सायली_क
म्हणजे ते पॉवरशेल आहे, त्यात कमांड लिहायची पद्धत वेगळी. तिथे $एन्व्ह:पाथ लिहा.

घाईतला
आला! भलामोठा आहे, त्यात गिटही आहे, नोडही. आता हा परत सेटएक्सने टाकू?

मिणमिणता दिवा
अजिबात नको, पुन्हा कापला जाईल. विंडोज आणि आर दाबा, सिसडीएम.सीपीएल, अ‍ॅडव्हान्स्ड, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. खालच्या सिस्टीमवाल्या यादीत पाथ उघडा. शेवटची नोंद अर्धवट तुटलेली दिसेल, ती काढा आणि नोटपॅडमधून त्यापुढची फोल्डरं एकेक करून भरा. टूलचं फोल्डर पण तिथेच.

खटपट्या
यानंतर तरी रीस्टार्ट लागेल ना?

मिणमिणता दिवा
नाही, नवी टर्मिनल खिडकी पुरते. एडिटर मात्र बंद करून उघडावा लागेल, आणि तो सगळं नीट चालल्यावरच.

घाईतला
गिट आलं, नोड आलं, टूल पण! सायली, दिवा, मनापासून आभार. मी खरंच रीस्टार्टवर क्लिक करणार होतो. छापून आलेल्या पाथमध्ये यूजरचा पाथही जोडलेला होता, त्यामुळे पायथनची नोंद आता सिस्टीम आणि यूजर दोन्हीकडे झालीये, चालेल का?

सायली_क
चालेल. सवडीने सिस्टीमवाल्या यादीतली काढा. आधी काम पाठवा.