तीन-चार मूळ संख्या दाटीने आल्या तर त्यांना काय म्हणायचं?

जोडमूळ म्हणजे दोनाचा फरक असलेल्या मूळ संख्या, ११-१३, १७-१९ वगैरे, हे शाळेपासून पक्कं आहे. पण तीन किंवा चार जणी अशा दाटीने आल्या तर मराठीत काय म्हणता? एका ठिकाणी 'सहमूळ' वाचलं, ते चालेल का?

---

सहमूळ नको हो, तो शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने घेतलेला आहे. ८ आणि ९ सहमूळ आहेत कारण १ सोडून सामाईक विभाजक नाही, पण दोघींपैकी एकही मूळ नाही, दाटीशी त्याचा काही संबंध नाही.

मी त्रिकूट आणि चौकडी म्हणते. फक्त व्याख्या नीट करा, "जवळजवळच्या मूळ संख्या" एवढं म्हणून भागत नाही, कारण किती जवळ येता येतं यालाच हद्द आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात २ मिळवा, मग ४ मिळवा, या तिघींपैकी एकीला ३ ने भाग जाणारच, म्हणून ३-५-७ सोडलं तर असं त्रिकूट पुन्हा कधीच येत नाही. मग त्रिकूट म्हणजे ६ च्या अंतरात बसलेल्या तिघी, जसं ११-१३-१७ किंवा १३-१७-१९, आणि चौकडी ८ च्या अंतरातली. १०१, १०३, १०७, १०९ बघा, मधल्या १०५ ला ३ आणि ५ दोन्हींनी भाग जातो म्हणून ती जागा सुटली आणि बाकी चारही भरल्या! ५-७-११-१३ ही एक सोडली तर प्रत्येक चौकडीत शेवटचे अंक १, ३, ७, ९ च असतात, पुढच्या १९१ आणि ८२१ पासून सुरू होणाऱ्याही तशाच. मला हे फार सुंदर वाटतं.

---

पटलं. आणि 'पुंजका'? क्लस्टरला तो बरा वाटतो.

---

ढोबळ बोलताना छान आहे, पण त्यात ठरलेली अंतरं येत नाहीत. कॉन्स्टेलेशनला, म्हणजे ठरलेल्या अंतरांवर बसलेल्या मूळ संख्यांच्या गटाला, मात्र ती लागतात, तिथे मी 'मूळ संख्यांचा तारकासमूह' लिहीन. आणि एक, २०१३ मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी फरकाच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, नंतर ती मर्यादा २४६ पर्यंत खाली आली. या जोड्यांना जोडमूळ म्हणू नका, 'जवळच्या जोड्या' म्हणा. जोडमूळला फरक २ च हवा आणि त्या अनंत आहेत का हे अजून सिद्ध व्हायचंय.