प्रारूप नियम आले म्हणजे नियम लागू झाले का? (गृहनिर्माण संस्था, २१ टक्के की १२ टक्के)

ठाणेकर_सचिव (५ मे २०२५)

नमस्कार. ठाण्यातल्या एका सोसायटीची मी सचिव आहे. आमच्याकडे एका सभासदाची मेंटेनन्सची बरीच जुनी थकबाकी आहे. आमच्या सर्वसाधारण सभेने ठरवल्याप्रमाणे आम्ही थकबाकीवर २१ टक्के सरळव्याज लावतो. परवा ते गृहस्थ व्हॉट्सॲपवर आलेली सरकारच्या नव्या नियमांची पीडीएफ छापूनच घेऊन आले. म्हणाले, "सरकारने १२ टक्के केलंय, पेपरात आलंय. जुनं सगळं बिल १२ ने करून द्या, नाहीतर उपनिबंधकांकडे जातो."

मी ती पीडीएफ पूर्ण वाचली. वर "प्रारूप" लिहिलंय आणि हरकती व सूचना १५ मेपर्यंत मागवल्यात. अध्यक्ष म्हणतात, १५ तारीख उलटली की नियम आपोआप लागू. लेखापरीक्षक म्हणतात, तसं काही नसतं. मग नक्की असतं कसं? १५ मेनंतर हे कोण ठरवतं, विधानसभा का? आणि आमच्यासारख्या एका सोसायटीने हरकत पाठवली तर ती कुणी वाचतं का? मला मनापासून पाठवायची आहे. दर १२ टक्के झाला तरी हरकत नाही, पण मागच्या थकबाकीचं काय, हे प्रारूपावरून मला तरी कळलं नाही. उद्या प्रत्येक थकबाकीदार हाच वाद घेऊन दारात उभा राहील.

कोथरूडचा_खजिनदार

आमच्याकडेही हेच चाललंय. उपविधीत (सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीत) २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे, दर सर्वसाधारण सभा ठरवते. आमच्या सभेने आधीच १५ ठेवलाय, तरी लोक १२ मागतात. बाजारात तुरी आणि घरात भांडण, असं झालंय. जाणकारांनी लिहा.

निवृत्त_कार्यासन

ताई, आधी तुमच्या सभासदाचं उत्तर देतो. प्रारूप म्हणजे मसुदा, नियम नव्हे. आज लागू आहेत ते १९६१ चे नियम आणि तुमच्या नोंदणीकृत उपविधी. तुमच्या सभेने ठरवलेला दर आज चालतो आणि १६ मेलाही चालेल. १५ मे ही हरकती घेण्याची शेवटची तारीख आहे, अंमलाची नाही. अंतिम अधिसूचना राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) येईपर्यंत काहीही बदलत नाही.

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो. नोकरीचा बराच काळ नियमांचे मसुदे करणाऱ्या कार्यासनात गेला. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांना नेमका हाच टप्पा माहीत नसतो आणि हातातली संधी निघून जाते.

कायदा विधानमंडळ करतं. अर्जाचा नमुना, फी, मुदत, व्याजाचा दर असला तपशील ठरवायचा अधिकार त्याच कायद्यातून शासनाला मिळतो. सहकार कायद्यात तो कलम १६५ मध्ये आहे आणि नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच, म्हणजे मसुदा आधी लोकांपुढे ठेवूनच, करायचे, ही अटही तिथेच आहे. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब आलं. त्याखालचे स्वतंत्र नियम व्हायचे राहिले होते, त्यांचं हे प्रारूप.

मसुदा सुरू होतो कार्यासनात, बहुधा आयुक्तालयाच्या प्रस्तावावरून. टिपणी अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत जाते. पैशाचा संबंध असेल तर वित्त विभागाचे अभिप्राय लागतात. मग नस्ती (फाइल) विधी व न्याय विभागाकडे जाते. धोरण बरं की वाईट, यात ते पडत नाहीत. मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर नियम जातो का आणि वाक्याचे दोन अर्थ निघतात का, हे ते पाहतात. एका मसुद्यात "योग्य त्या कालावधीत" असे शब्द होते. विधी विभागाने त्याखाली रेघ ओढून समासात लिहिलं, "कालावधी दिवसांत नमूद करावा." वर्षानुवर्षांचे कोर्टकज्जे असल्या एका शेऱ्याने वाचतात. मला त्या लोकांबद्दल आजही आदर आहे.

त्यानंतर मंत्र्यांची मान्यता घेऊन प्रारूप राजपत्रात छापलं जातं. राज्याच्या कायद्याखालचे नियम असाधारण भाग चार-ब मध्ये सापडतील, केंद्राच्या कायद्याखाली राज्याने केलेले भाग चार-अ मध्ये. पूर्वप्रसिद्धी कशी करायची ते राज्याच्या १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २४ मध्ये आहे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या माहितीसाठी मसुदा छापायचा, तो कधी विचारात घेणार ती तारीख द्यायची आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. "विचारात घ्यायच्या" म्हणजे मान्य करायच्याच असं नाही. पण वाचून त्यावर विचार करावाच लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न, कुणी वाचतं का. आमच्याकडे तक्ता व्हायचा. अनुक्रमांक, हरकत घेणाऱ्याचं नाव, नियम क्रमांक, हरकतीचा सारांश आणि शेवटचा रकाना "विभागाचे अभिप्राय". एकाच मजकुराच्या छापील पत्रांचे गठ्ठे यायचे. त्या सगळ्यांची मिळून तक्त्यात एक ओळ व्हायची, कारण म्हणणं एकच असायचं. ज्यांनी नियम क्रमांक न देता नुसता संताप लिहिला, त्यांच्यापुढे "सर्वसाधारण स्वरूपाची, नोंद घेतली" यापलीकडे काही लिहिता येत नसे.

पण एका तालुक्याच्या गावातून एका बाईंचं आंतर्देशीय पत्र आलं होतं. मसुद्यात अर्ज मुद्रांकासह सात दिवसांत द्यायची अट होती. त्यांनी लिहिलं होतं की आमच्याकडे मुद्रांक विक्रेता फक्त बाजाराच्या दिवशी बसतो. एक बाजार हुकला की मुदत संपली. म्हणून "सात" च्या जागी "पंधरा" करावं. एवढंच पत्र. तक्त्यात तिच्या ओळीपुढे मी "मान्य करण्यास हरकत नाही" असं प्रस्तावित केलं, वरती कुणी खोडलं नाही आणि अंतिम नियमात पंधरा दिवस आले. मुंबईत बसलेल्या आम्हा कुणाला ही अडचण सुचणं शक्य नव्हतं.

त्यामुळे जरूर लिहा. नियम क्रमांक द्या, अडचण दोन ओळींत सांगा आणि त्याजागी कोणते शब्द हवेत ते स्वतः लिहून द्या. तयार शब्द समोर असले की कार्यासनाला तेच उचलून टिपणीत घालता येतात.

विधानसभेचं म्हणाल तर तिची मंजुरी आधी लागत नाही. हरकतींनंतर सुधारलेला मसुदा पुन्हा विधी विभाग, मंत्री आणि विषय मोठा असेल तर मंत्रिमंडळ असा फिरून राजपत्रात अंतिम म्हणून येतो. त्या दिवसापासून, किंवा त्यात वेगळी तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून, तो लागू. मग तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवतात. तिथे तीस दिवसांची अट असते आणि एकेक अधिवेशन इतकं चालत नसल्याने ते दिवस पुढच्या अधिवेशनात मोजले जातात. सभागृहांनी बदल केला किंवा नियम रद्द केला तर तो तिथून पुढे तसा. शिवाय विधानमंडळाची उपविधान समिती असते. नियम कायद्याच्या बाहेर गेला का, पटलावर ठेवायला विलंब झाला का, हे ती तपासते. व्यवहारात पटलावर ठेवलेल्या नियमावर चर्चा क्वचितच होते आणि मला हे फार खटकतं. म्हणूनच प्रारूपाचा महिना इतका मोलाचा.

वऱ्हाडी_वकील

काकांनी प्रक्रिया छान सांगितली. कोर्टाच्या बाजूने भर घालतो.

राजपत्रातल्या प्रसिद्धीला एवढं महत्त्व का, यासाठी १९५१ चा हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल बघा. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूचा कायदा ठरावाने मंजूर केला, पण तो कुठे प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरलाला ५० रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जो कायदा लोकांना कळवलाच नाही, त्याखाली शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी आमच्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

याची दुसरी बाजूही आहे. एकदा राजपत्रात छापलं की "मला माहीत नव्हतं" चालत नाही. २८ नोव्हेंबर १९६२ ला एक जर्मन प्रवासी ३४ किलो सोनं अंगावर घेऊन विमानाने सांताक्रूझला आला. तो मनिलाला चालला होता. सोन्यावरची नवी बंधनं चारच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला राजपत्रात आली होती. त्याला ती माहीत असणं शक्य नव्हतं, तरी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं. तेव्हा ठाणेकर ताई, अंतिम अधिसूचनेवर नजर ठेवा. ती आल्यावर सोसायटीला कुणी वेगळं पत्र पाठवेलच असं नाही.

आणि प्रारूप काढलंच पाहिजे, हे प्रत्येक कायद्यात नसतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने शिक्षणहक्काच्या नियमांत बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के जागांच्या बंधनातून सूट दिली. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३८ मध्ये पूर्वप्रसिद्धीची अट नाही. ६ मेला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, कारण कायद्याने दिलेला हक्क नियमाने काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. दरम्यान त्या वर्षीची प्रवेशप्रक्रिया लांबली ती लांबलीच. गरीब घरातली लेकरं जूनमध्ये शाळेऐवजी घरी बसली. आधी महिनाभर हरकती घेतल्या असत्या तर हाच मुद्दा कुणीही पालकाने लिहून दिला असता.

पेनसिल्व्हेनियाहून_मुक्ता

मी इथे एका छोट्या पाळणाघरात भागीदार आहे, त्यामुळे राज्याच्या नियमांशी सतत गाठ पडते. इथे विभाग आणि अंतिम नियम यांच्या मध्ये एक स्वतंत्र आयोग बसतो. १९८२ च्या कायद्याने तो आला. पाच सदस्य, त्यांतले चार विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतले नेते नेमतात आणि एक गव्हर्नर. प्रस्तावित नियम दर शनिवारी निघणाऱ्या राजपत्रात येतो, लोक अभिप्राय पाठवतात आणि विभागाला आलेल्या अभिप्रायांना लेखी उत्तरं द्यावी लागतात. ती उत्तरं सगळ्यांना वाचता येतात. मग हॅरिसबर्गला आयोगाची खुली बैठक होते आणि तिथे मतदान. नियम कायद्यात बसतो का, लहान व्यवसायांना झेपेल का, भाषा स्पष्ट आहे का, हे आयोग पाहतो. नापसंत केला तरी विभाग दुरुस्त करून परत आणू शकतो, कायमचा अडवायचा तर विधिमंडळाला ठराव करावा लागतो.

माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे ती लेखी उत्तरं. माझं म्हणणं का मानलं नाही, ते मला कळतं. निवृत्त काका, तो तुमचा तक्ता लोकांना बघायला मिळतो का?

निवृत्त_कार्यासन

मुक्ताताई, आपणहून मिळत नाही. तो नस्तीत राहतो. पण अंतिम नियम आल्यावर माहितीच्या अधिकारात "प्राप्त हरकती व सूचना आणि त्यावरील विभागाचे अभिप्राय यांचा तक्ता" असं नेमकं मागितलं तर मागता येतं. नुसती "संबंधित सर्व माहिती" मागू नका, उत्तर अडकतं. तसं पाहिलं तर २००५ च्या त्या कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना संबंधित वस्तुस्थिती शासनानेच प्रसिद्ध करायची. हा तक्ता अंतिम अधिसूचनेसोबत संकेतस्थळावर टाकायला जास्त खर्च नाही, तो तयारच असतो. मी नोकरीत असताना तसं टिपणीत सुचवलं होतं आणि आजही माझं तेच मत आहे.

ठाणेकर_सचिव (९ मे)

सगळ्यांचे आभार. काल कार्यकारिणीची सभा घेऊन हरकतीचा मजकूर केला. बघून सांगाल का?

"थकबाकीवरील व्याजाच्या दराबाबतच्या नियमात, अंमलापूर्वीच्या थकबाकीवर कोणता दर लावावा याचा उल्लेख नाही. यामुळे संस्था व सभासद यांच्यात वाद होतील. तरी हे स्पष्ट करावे ही विनंती."

निवृत्त_कार्यासन

ताई, मुद्दा अचूक आहे, पण "स्पष्ट करावे" म्हणून सोडू नका. नियमाचा क्रमांक घाला आणि शेवटच्या वाक्याच्या जागी हे लिहा:

"सदर नियमास पुढील परंतुक जोडावे: परंतु, हे नियम अंमलात येण्याच्या दिनांकापूर्वी देय झालेल्या रकमेवर, त्या दिनांकापर्यंतच्या कालावधीसाठी, त्या वेळी लागू असलेल्या उपविधींनुसार आणि त्यानंतरच्या कालावधीसाठी या नियमांनुसार व्याज आकारण्यात येईल."

यात सोसायटीचं नुकसान नाही आणि सभासदाला पुढच्या काळासाठी कमी दरही मिळतो, म्हणून मान्य व्हायला सोपं. कार्यकारिणीच्या ठरावाचा क्रमांक व तारीख टाका, अध्यक्ष-सचिव दोघांच्या सह्या घ्या. प्रारूपात दिलेल्या पत्त्यावरच पाठवा, मंत्र्यांना पाठवलेलं पत्र फिरत फिरत येतं आणि तोवर मुदत संपते. ईमेल केलात तरी एक प्रत हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्यावरची तारीख वाचता येते का, तेवढं तिथेच पाहा.

आणि त्या सभासदाला मेचं बिल २१ टक्क्यांनीच द्या. आक्षेप नोंदवून पैसे भरायचे असतील तर भरू द्या आणि पावतीवर "व्याजाच्या दराबाबत आक्षेपासह" अशी नोंद करा.