यकृताला वळसा घालणारी शीर: बंद करता येईल, की प्रत्यारोपणच करावे लागेल?

प्रश्न (मुलीचे वडील, कसबा बावडा, कोल्हापूर)

माझी मुलगी सात वर्षांची आहे. जोतिबाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच खाली बसली आणि तिचे ओठ निळसर दिसले. त्याआधी कित्येक महिने तिला दम्याचा पंप सुरू होता. हृदयाच्या तपासणीत छिद्र सापडले नाही. घरच्या ऑक्सिमीटरवर झोपलेली असताना 92 आणि उभी केल्यावर 86 असा आकडा येतो. पुढे सोनोग्राफीत यकृतात गाठी दिसल्या आणि सीटी स्कॅनमध्ये आतड्यांकडून येणारी पोर्टल शीर यकृतात न शिरता थेट खालच्या महाशिरेला मिळाल्याचे आढळले. याला ‘अ‍ॅबरनेथी’ विकृती म्हणतात, असे कळले. एका ठिकाणी यकृत प्रत्यारोपणाचा सल्ला मिळाला असून मुलीची आई यकृताचा भाग द्यायला तयार आहे. दुसरा मार्ग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ, सांगली)

अ‍ॅबरनेथी या लंडनच्या शल्यविशारदाने 1793 मध्ये दहा महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनानंतर ही विकृती नोंदवली, म्हणून हे नाव पडले. यकृताला मिळणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते. ते महाशिरेला मिळणाऱ्या या आडवाटेने निघून गेले की अमोनियासारखी द्रव्ये शुद्ध न होता मेंदूपर्यंत पोहोचतात, यकृतात गाठी वाढतात आणि फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे सरकते. उभे राहिल्यावर आकडा घसरणे ही याचीच खूण आहे. हलवून बुडबुडे केलेले सलाईन हाताच्या शिरेतून देऊन केलेल्या इकोमध्ये याची खात्री करता येते.

आता मुख्य मुद्दा. सीटीमध्ये यकृतातली पोर्टल शीर दिसली नाही, म्हणजे ती नाहीच, असे मानू नये. पूर्वी अशा रुग्णांना सरळ प्रत्यारोपण सुचवले जाई. परंतु आडवाट शिरेतून आत नेलेल्या छोट्या फुग्याने काही वेळ अडवून रंगद्रव्य सोडले असता, रक्ताअभावी केसासारख्या बारीक राहिलेल्या शिरा पुष्कळ मुलांत दिसू लागतात. त्याच वेळी पोर्टल शिरेतला दाब मोजतात. दाब बेताचा राहिला तर जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून प्लग (वाहिनी बुजवणारे छोटे बूच) बसवून, अथवा शस्त्रक्रियेने, आडवाट एकदाच बंद करता येते. दाब फार वाढला तर ती टप्प्याटप्प्याने अरुंद करून यकृतातल्या शिरांना रुंदावायला अवधी देतात. अशा वेळी एकदम बंद केल्यास आतड्यांना सूज येऊन पोटात पाणी साठू शकते. म्हणून आपण ‘फुग्याची चाचणी झाली आहे का’ हा प्रश्न आधी विचारावा आणि प्रत्यारोपणाचा निर्णय तिच्या निष्कर्षानंतरच घ्यावा. गाठींचा एमआरआय मात्र लांबवू नये, कारण बंद केल्यावर बऱ्याच गाठी आकसत असल्या तरी एखादी कर्करोगाची निघू शकते.

उत्तर २ (एक आई, इचलकरंजी)

दादा, माझ्या मुलाची आडवाट मुंबईत प्लगने बंद केली. त्याआधी डबा खाल्ल्यावर, विशेषतः उसळ असली की, तिच्यातल्या प्रथिनांमुळे अमोनिया वाढून तो वर्गात बाकावर डोके टेकून झोपायचा आणि आम्ही त्याला आळशी समजून रागवायचो, याचे मला आजही वाईट वाटते. अमोनियाच्या तपासणीचे रक्त बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवायला सांगा. आमचा एक नमुना तसाच पडून राहिल्याने आकडा खोटाच वाढून आला होता. बंद केल्यानंतर शिरेत गुठळी होऊ नये म्हणून काही महिने रक्त पातळ ठेवणारे औषध चालले. ऑक्सिजन एका रात्रीत वाढला नाही, त्याला महिने लागले; तेव्हा पहिल्या आठवड्यातला आकडा पाहून खचू नका.

उत्तर ३ (राजारामपुरी, कोल्हापूर)

खर्चाविषयी एवढेच सांगतो की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) भरती होण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सीटीचा नुसता अहवाल माझ्याकडे होता. आज मूळ चित्रांची सीडी मागून घेतली. सोमवारी पुण्याला लहान मुलांच्या यकृततज्ज्ञांची वेळ मिळाली असून फुग्याच्या चाचणीचा प्रश्न कागदावर सर्वांत वर लिहिला आहे. ताई, मुलीला आता जिने चढायला लावत नाही. शाळेत तिचा वर्ग तळमजल्यावर हलवून दिला आहे.