'केमोप्रिव्हेन्शन'ला मराठीत काय म्हणाल?

खानापूरकर_गुरुजी:
नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. आमच्या वाचनालयात माझ्या पुतणीचं व्याख्यान ठेवलंय. ती फार्मसीत पीएचडी करते. विषय असा की हळद, चहा, मिरी असल्या वनस्पतींमधले गुणकारी घटक नॅनो कणांत भरून द्यायचे आणि कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला अडवायचं. तिच्या इंग्लिश टिपणावरून मराठी पत्रक करायचं काम माझ्याकडे आलंय आणि त्यात केमोप्रिव्हेन्शन हा शब्द पानोपानी आहे. मी 'रासायनिक प्रतिबंध' लिहून गल्लीत दोघातिघांना वाचायला दिलं, तर एकानं विचारलं, गुरुजी, शेतात औषध मारायला बंदी आली काय? म्हणून मूळ शब्दच ठेवला, तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे हे घेतलं की केमो घ्यायला लागत नाही, असंच न्हवं?" त्यांच्या सुनेची केमो चालू आहे, त्यामुळे हे ऐकून मी हादरलोच. शब्द सुचवा. पुस्तकी नको, मावशींना वाचून नीट कळेल असा हवा.

मराठी_बाणा_बेळगाव:
'कर्करोधन' घ्या. कर्क म्हणजे कर्करोग, रोधन म्हणजे अडवणं, छोटा आणि नेटका शब्द आहे. आणि नॅनोला 'अब्जांश' लिहा, मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर, मग अब्जांश म्हटलं की अर्थ शब्दातच आला. आपण इथं पाट्यांवरच्या मराठी अक्षरांसाठी वर्षानुवर्षं भांडतोय आणि स्वतः लिहायला बसलो की कॅन्सर, केमो, नॅनो. सीमाभागातल्या माणसानं तरी असं करू नये असं मला मनापासून वाटतं.

शहापूरची_अक्का:
बाणा भाऊ, तुमची कळकळ कळते पण मी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलो, तिथलं सांगतो. डॉक्टर 'कर्करोग' म्हणून सांगून गेले की पेशंट मला हाक मारायचा, सिस्टर, कॅन्सर तर न्हाई न्हवं? मी गप. मग बायको देवाला हात जोडायची, बरं झालं बाई कॅन्सर न्हाई, कर्करोगच हाय. हे एकदा न्हवे, कितीतरी वेळा बघितलोय. ज्या शब्दानं माणसाला आपला आजार कळत न्हाई तो शब्द कितीबी शुद्ध असू दे, पत्रकात काय कामाचा? गुरुजी, सरळ लिवा, 'कॅन्सर होऊ नये म्हणून आधी घ्यायचं औषध'.

मराठी_बाणा_बेळगाव:
अक्का, ते वाक्य झालं, शब्द नव्हे. पत्रकात वीस ठिकाणी एवढं लांब कसं लिहिणार? शब्द वापरला की रुळतो. 'दूरदर्शन' रुळलाच की.

निपाणीकर_७:
दूरदर्शन ते सरकारी चॅनेलचं नाव म्हणून रुळलं, घरातल्या डब्याला सगळे टीव्हीच म्हणतात.
'प्रतिबंध' मात्र टाळाच गुरुजी, त्याचा आपल्याकडे बंदी असा अर्थ पक्का बसलाय. आणि कन्नडमधला 'निषेध' त्याहून घोळाचा, तिकडं निषेध म्हणजे मनाई, आपल्याकडं निषेध म्हणजे मोर्चा. स्टँडवर 'धूमपान निषेधिसलागिदे' अशी पाटी असते, माझा कोल्हापूरचा मामेभाऊ ती वाचून म्हणाला की हे लोक सिगारेटचा निषेध कशाला करत बसलेत, सरळ बंदी घाला की! तीच तर बंदी होती. दोन भाषांत एकच संस्कृत शब्द आणि अर्थ वेगळे, सीमेवर पत्रक काढताना हे बघायलाच लागतं.

वैद्य_घटप्रभा:
गुरुजींचा 'रासायनिक' हा शब्द मुळात चुकीचा नाहीच. आयुर्वेदात 'रसायन' हे आठ अंगांपैकी एक अंग आहे, रोग व्हायच्या आधी शरीर बळकट ठेवणारी चिकित्सा, च्यवनप्राश हे रसायनच. म्हणजे केमोप्रिव्हेन्शनची कल्पना आपल्याकडे 'रसायन' या एका शब्दात कधीची आहे. आता नॅनो कॅरिअरचं बघा. त्याला आमच्याकडे 'योगवाही' म्हणतात, दुसऱ्या द्रव्याचा गुण घेऊन शरीरात पोचवणारं द्रव्य, उदाहरणार्थ मध. आणि कण किती बारीक हवा हेही ठरलेलं आहे. चांगलं भस्म बोटाच्या रेषांत जाऊन बसतं, त्याला 'रेखापूर्ण' म्हणतात, आणि शांत पाण्यावर चिमूटभर टाकलं तर तरंगतं, त्याला 'वारितर' म्हणतात. असे तयार शब्द पडून असताना नवे कशाला पाडायचे?

रायबागची_हळद:
वैद्यबुवा, तुमचं रसायन वेगळं आणि आमचं वेगळं. शेतकऱ्याला रसायन म्हणजे पोत्यातलं नाहीतर डब्यातलं. आणि 'औषध' म्हणाल तर आमच्यात 'औषध मारलो' म्हणजे फवारणी आणि 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की सगळा गाव त्याच्या घराकडं पळतो. त्यामुळं अक्कांचं वाक्य पण सांभाळून लिवा. मी हळद लावतो, सांगलीला घालतो, आता व्यापारी करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, किती टक्के ते विचारतात, आधी नुसता रंग आणि हळकुंड मोडून आवाज बघायचे. आमच्या मालात तीनच्या आसपास निघतं. एवढंसं करक्युमिन नॅनो करून त्यानं कॅन्सर थांबतो हे खरं काय? खरं असेल तर आमच्या मालाला दर तरी येईल.

शब्दवेडा_टिळकवाडी:
कर्क, कर्करोग, करक्युमिन! कर्कावरचं औषध म्हणून करक्युमिन असा माझा अंदाज आहे, तीनही ठिकाणी 'करक' आहे.

फार्मसीवाली:
शब्दवेडा काका, ती व्युत्पत्ती नाही बसत. करक्युमिन हे हळदीच्या शास्त्रीय नावावरून, करक्यूमा वरून आलंय, आणि ते अरबी 'कुरकुम' वरून, म्हणजे केशर किंवा हळद. आपलं 'कुंकुम' त्याच्याच नात्यातलं मानतात, संस्कृतात कुंकुम म्हणजे केशरच. (आणि घरचं कुंकू हळदीला चुना लावूनच लाल होतं, तो रंग बदलतो करक्युमिनमुळेच.) खेकड्यावरून आलेला शब्द फक्त कॅन्सर आणि कर्करोग.

मी गुरुजींची पुतणी. काका, मला विचारायचं ना आधी! केमोप्रिव्हेन्शन हा शब्द मायकेल स्पोर्न यांनी १९७६ मध्ये आणला, अ जीवनसत्त्वासारख्या संयुगांच्या संदर्भात. यात 'केमो' म्हणजे नुसतं रसायन, नैसर्गिक किंवा कारखान्यातलं. केमोथेरपीशी गल्लत होते ती आपल्याकडे 'केमो' हा अर्धाच शब्द घरोघर पोचल्यामुळे.

हळदवाले मामा, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, अजून नाही. काचेच्या भांड्यातल्या पेशींवर आणि उंदरांवर करक्युमिनचे परिणाम चांगले दिसतात, पण माणसाच्या पोटात गेल्यावर ते नीट शोषलं जात नाही, जे जातं ते आतडं आणि लिव्हर लगेच बदलून बाहेर टाकतात. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. घरी करून बघा, हळद पाण्यात टाकली की हलवून गढूळ होते आणि थोड्या वेळानं तळाशी बसते, तीच फोडणीच्या तेलात पडली की पिवळा रंग भराभरा तेलात उतरतो. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये माणसांना करक्युमिनबरोबर मिरीतलं पिपरिन दिलं तर करक्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. नॅनोचा उद्देश तोच, वाट वेगळी. पुरणाला पारीत भरतात तसं करक्युमिन आत आणि बाहेर शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरचं किंवा चरबीचं आवरण, आणि तो सगळा गोळा शंभर-दोनशे नॅनोमीटरचा. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो.

'नॅनोकेमोप्रिव्हेन्शन' असा जोडशब्द २००९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हसन मुख्तार यांच्या गटानं मांडला, हिरव्या चहातल्या ईजीसीजी या घटकावर काम करून. कणांत भरल्यावर दहाव्या भागाहूनही कमी मात्रेत तोच परिणाम मिळाला, पण तेही पेशींवर आणि उंदरांवर.

वैद्य_घटप्रभा:
बाळ, मिरीचं तर आम्ही आधीपासून सांगतोय, सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटु. मग योगवाही शब्द घ्यायला तुला अडचण काय?

फार्मसीवाली:
वैद्यकाका, शब्द मला आवडला, व्याख्यानात घेणार. स्वर्णभस्मात नॅनो आकाराचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेतही. पण कण बारीक आहे एवढ्यावरून तो कॅन्सर अडवतो असं होत नाही ना. आणि मिरी करक्युमिनला जशी वाट करून देते तशी इतर गोळ्यांनाही देते, लिव्हर ज्या वाटेनं औषधं मोडतं ती वाट पिपरिन अडवतं. मावशींची सून केमोवर आहे, तिनं बाजारातली हळद-मिरीची कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. असल्या कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. भाजीतली हळद खुशाल खावी.

शहापूरची_अक्का:
हे पत्रकात पयला लिवा! मोठ्या अक्षरात. केमो अर्धी टाकून काढा प्यायला गेलेले पेशंट सहा म्हैन्यानं परत येताना मी बघितलोय, गाठ तेव्हा हाताला लागत होती ती आता डोळ्याला दिसायची. शब्द कुठला पण घ्या, 'हे आजार झाल्यावरचं औषध न्हवे' हे वाक्य पायजेच.

मराठी_बाणा_बेळगाव:
अक्कांच्या या मुद्द्याला मी पूर्ण सहमत. म्हणूनच तर म्हणतो, 'केमो' हे अक्षरच पत्रकात नको. कर्करोधन नको तर 'पूर्वरोध' घ्या, आधीच अडवणं. वनस्पतीज पूर्वरोध.

निपाणीकर_७:
पूर्वरोध बरा आहे. पण 'वनस्पतीज' 'नैसर्गिक' असे शब्द आले की लोकांना वाटतं आता काही धोका नाही, माझी हरकत तिथं आहे. माझ्या घरात तीन पिढ्या तंबाखू. १९८१ च्या आंदोलनात शरद जोशींबरोबर आमचे आजोबा रस्त्यावर बसलेले, दर मिळावा म्हणून, आणि तो दर मिळायलाच पाहिजे होता, शेतकऱ्याचं पोट त्यावर होतं. पण तंबाखू पण वनस्पतीच आहे ना? सुपारी पण. नुसती सुपारी, तंबाखू न घालता, ती पण कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ठरवलंय. आमची आजी मिस्री लावायची, तिला कुणी सांगितलं असतं की हा नैसर्गिक पाला आहे तर ती खूश झाली असती. गाल आतून पांढरा पडला तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही ते काय आहे.

फार्मसीवाली:
निपाणीकर दादा, अगदी बरोबर. बीटा कॅरोटिनचं उदाहरण मी सांगणारच आहे, गाजरातला रंग, सगळ्यांना वाटलं हा कॅन्सर अडवणार. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, १९९४ मध्ये निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसलाच प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खाणं वेगळं आणि त्यातला एक घटक काढून रोज भरपूर देणं वेगळं. नॅनोत तर तो घटक आणखी जोरात आत जाणार, मग जपून तपासायला नको? निरोगी माणसाला वर्षानुवर्षं द्यायचं औषध म्हटल्यावर कसोटी जास्तच कडक पाहिजे.

शब्दवेडा_टिळकवाडी:
करक्युमिनचं मान्य, पण हे बघा. 'अर्बुद' म्हणजे गाठ, ट्यूमर, कन्नड वर्तमानपत्रांत कॅन्सरला अर्बुद लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. आणि अर्बुद ही संख्या पण आहे, हिंदीतला 'अरब' त्यावरूनच. अरब म्हणजे शंभर कोटी, आणि नॅनो म्हणजे त्याचाच एक भाग! गाठ आणि नॅनो एका शब्दात आले.

मराठी_बाणा_बेळगाव:
थोडी दुरुस्ती. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातल्या यादीत कोटीनंतर अर्बुद, मग अब्ज. म्हणजे अर्बुद दहा कोटी आणि अब्ज शंभर कोटी. नॅनोला अब्जांशच बरोबर, अर्बुदांश म्हटलं तर दहा पटींचा फरक पडेल.

रायबागची_हळद:
अब्ज म्हणा नाहीतर अर्बुद, आमच्यात नॅनो म्हटलं की युरियाची बाटली. सोसायटीत 'नॅनो आली काय' असंच विचारतात. तो शब्द रुळलाय, त्याला हात लावू नका. देवीची लस आली तेव्हा आमची आजी 'देवी काढून आलो' म्हणायची, तो शब्द तिला कुठल्या समितीनं दिला?

जांबोटीचा_रानवाटा:
उशिरा आलो. सगळे हळदीवर अडकलेत, आपल्या रानातल्या नरक्या या झाडाचं कुणी नावच काढलं नाही! चोर्ल्यापासून आंबोलीपर्यंत घाटात आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरची औषधं ज्यापासून करतात ते द्रव्य. अमेरिकेत १९६६ मध्ये एका चिनी झाडातून काढलं, आणि १९७२ मध्ये आपल्याकडच्या नरक्यातही सापडलं. मग काय, तोडून तोडून पोती भरून बाहेर गेली. त्यावरून केलेलं इरिनोटिकॅन हे औषध आता लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या अतिबारीक पिशवीत, भरूनही देतात, म्हणजे वनस्पती अधिक नॅनो, तुमचाच विषय.

फार्मसीवाली:
दादा, पण ते झालेल्या कॅन्सरवरचं औषध, आधी घ्यायचं नाही. विषारी आहे ते. पत्रकात नरक्या आला तर कुणीतरी साल उकळून प्यायचं.

जांबोटीचा_रानवाटा:
ते खरं, नका घालू. शब्द मात्र बघा, नरकासारखा वास म्हणून नरक्या असणार. कन्नडमध्ये पण 'दुर्वासने मर'.

शहापूरची_अक्का:
आमच्या माहेराला त्याला घाणेरा म्हणतात.

निपाणीकर_७:
अक्का, घाणेरी म्हणजे ती बांधावरची, पिवळी-गुलाबी फुलं येणारी, टणटणी ना?

जांबोटीचा_रानवाटा:
घाणेरी वेगळी, घाणेरा वेगळा. घाणेरी काटेरी झुडूप, घाणेरा ऊर्फ नरक्या झाड असतं. नावात एका मात्रेचा फरक आणि कुणी भलतंच तोडून आणेल.

वैद्य_घटप्रभा:
आमच्याकडे काही जण नरक्याला 'अमृता' म्हणतात, ते त्याहून धोक्याचं, कारण अमृता म्हणजे गुळवेल.

खानापूरकर_गुरुजी:
मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. पूर्वरोध लिहू की अक्कांचं वाक्य?

जांबोटीचा_रानवाटा:
गुरुजी एक मिनिट. अक्का, तुमच्या माहेरच्या घाणेऱ्याच्या पानाला वास येतो की फुलाला? नरक्या असेल तर फुलाला यायला पाहिजे.

शहापूरची_अक्का:
फुलाला. पान चुरडून कधी बघितलो न्हाई. भावाला फोन करून विचारतो.