लहान पटाच्या शाळेतील चव नोंदवही
वाडीवरच्या शाळेत पट जेमतेम दहाचा असताना शालेय पोषण आहाराची (शाळेत मुलांना मिळणाऱ्या जेवणाची) चव नोंदवही रोज भरावी का, या प्रश्नावर माझे उत्तर होकारार्थीच आहे, कारण वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकाने आहार चाखणे बंधनकारक आहे आणि तपासणीत त्याचा पुरावा म्हणजे ही नोंदवहीच. पाचवीपर्यंत प्रतिविद्यार्थी १०० ग्रॅम व सहावी ते आठवीस १५० ग्रॅम तांदूळ धरून शिल्लक रोज जुळवावी.

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात खरी पंचाईत पावसाळ्यात होते. दमट हवेने तांदळाला टोके (धान्यातले किडे) लागतात, म्हणून गोणी भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवाव्यात. (एकशिक्षकी शाळेत हे सारे कोणी करायचे, हा प्रश्न वेगळाच.) खराब तांदूळ मात्र परस्पर टाकू नये, शाळा व्यवस्थापन समितीसमक्ष पंचनामा करून केंद्रप्रमुखांना (परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) लेखी कळवावे, अन्यथा ती तूट मुख्याध्यापकांच्या अंगावर येऊ शकते.