बरं वाटलं, पण कशामुळे?

गांजाच्या तेलाने बरं वाटतं, मग मानसोपचारतज्ज्ञ ते का देत नाहीत, असं विचारताना ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. तो सिडनी विद्यापीठाचा 'क्वेस्ट'. २०२३ साली त्याचे पहिले निष्कर्ष आले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं गांजाचं तेल घेणाऱ्या २,३२७ रुग्णांनी तीन महिने प्रश्नावल्या भरल्या. थकवा, वेदना, चिंता, नैराश्य यांत सुधारणा दिसली. झोपेच्या तक्रारींत मात्र फारसा फरक नाही. हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण अनेक रुग्ण वर्षानुवर्षं दुखणं सोसत होते.

पण "मग मानसोपचारतज्ज्ञ हे का देत नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर त्याच अभ्यासात आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेल घेतलं म्हणून बरं वाटलं, की आशेमुळे, की कुणीतरी नियमित विचारपूस केली म्हणून, हे सांगता येत नाही. शिवाय अभ्यासाला पैसा तेल बनवणाऱ्या कंपनीचा होता. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात ८३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा मानसिक आजारांसाठी पुरावा फारच तोकडा निघाला. चिंतेत थोडा उतार दिसला, तोही मुख्यतः जुनाट वेदना किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) असलेल्यांत.

आणि एक कळकळीने सांगते. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याने सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका वाढतो. चालू गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बंद करू नका.